थोरामोठ्यांचं धड

बार्नाबे तूर्नाद्रला देवाने एक गोष्ट सढळ हाताने दिली होती. त्याला न हलता बसता येई. लहानपणी फ्रान्समधल्या ओव्हेर्नच्या डोंगरात गुरं राखताना तो दगडावर बसला की पाखरं बेधडक त्याच्या टोपीवर उतरत. आईला वाटे, पोरगं मंद आहे. मंद मुळीच नव्हतं. त्याला कसली घाई नव्हती, एवढंच.

मोठा झाल्यावर गावच्या इतर तरुणांसारखा तोही पॅरिसला आला, कोळशाची पोती वाहू लागला, आणि आपल्याच मुलखातल्या फिलोमेनशी लग्न करून त्याने दुकान टाकलं. दुकानाच्या डाव्या अंगाला कोळसा, उजव्या अंगाला दारूचं पिंप आणि चार टेबलं. कोळसा त्याच्याकडे, गिऱ्हाइकं फिलोमेनकडे. ती बोलायला लागली की गिऱ्हाईक दोन पेले जास्त पिऊनच उठे, कारण मधे निरोप घ्यायला फटच सापडत नसे.

त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एव्हारिस्त मोरेल नावाचे चित्रकार राहत. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र कोरायचं, पत्रा तेजाबात बुडवायचा आणि मग शाई भरून कागदावर छापायचं, हा त्यांचा धंदा. चित्रं सगळी नामवंतांची. कवी, नट, गवई, विद्वान. शहरातल्या शिकल्यासवरल्या घरांत दिवाणखान्यात अशी चार-सहा तोंडं टांगलेली नसतील तर पाहुणे नाक मुरडत. पण नामवंतांना बसायला वेळ कुठला? ते आपला फोटो पाठवून देत, नाहीतर धावतपळत येऊन तेवढं तोंड दाखवून जात. खालचं अंग कुठून आणायचं, ही मोरेलसाहेबांची रोजची रड होती.

एकदा बार्नाबे कोळशाचं पोतं घेऊन वर गेला आणि दम खायला खुर्चीवर टेकला.

"हलू नका!" मोरेलसाहेब ओरडले.

"मी कुठे हलतोय?" बार्नाबे म्हणाला.

खरंच हलत नव्हता. मोरेलसाहेबांनी त्याच्या अंगावर एक काळा कोट चढवला, तो पाठीवर पुरेना म्हणून मागून उसवून टाचण्या लावल्या, आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा एक नाटककार पुरा झाला. डोकं नाटककाराचं, धड कोळसेवाल्याचं. मग एक खगोलशास्त्रज्ञ झाला, एक गवई झाला, एक म्हातारे कवी झाले. कवी हयातभर काटकुळे होते, पण चित्रात त्यांचे खांदे असे भरले की त्यांची बायकोसुद्धा खूश झाली.

फिलोमेनला मात्र रोज नवा विषय मिळाला.

"अहो, आज कोण होऊन आलात?" ती दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारी. "काल तत्त्वज्ञ होता, तरी पिंपाची तोटी गळतेय ती गळतेच आहे!"

"बसून आलो, फिलोमेन. दमलोय."

"बसून दमलात! ऐका हो, ऐका! माणूस बसून दमतो!"

पण बिघडलेल्या छपाया मोरेलसाहेब त्याला देऊन टाकत, त्या तीच पुसूनपासून भिंतीला लावी. पिणारे लोक तोंडाकडे बघतच नसत. "हे बघ बार्नाबेचं पोट," ते म्हणत. "आणि हा त्याचा अंगठा!" तरुणपणी पिंपाखाली सापडून त्याचा डावा अंगठा वाकडा झाला होता, आणि मोरेलसाहेब दिसेल तेच काढणारे.

त्या अंगठ्यानेच घोळ केला. गास्पार व्हिलमोरँ हे त्या वेळी गाजत असलेले संगीतकार आणि पियानोवादक. त्यांचं चित्र छापून त्यांच्या हाती पडलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते काठी आपटत इमारतीत शिरले. मोरेलसाहेबांनी घाबरून खरं सांगून टाकलं. तसे ते तडक खाली दुकानात.

"कुठाय तो अंगठेवाला?"

बार्नाबे कोळसा चाळत होता. "मीच तो, साहेब."

"उजवा हात दाखवा."

बार्नाबेने विजारीला पुसून उजवा हात पुढे केला. अंगठा सरळसोट.

"मग चित्रात हा काय आकडा आहे?" व्हिलमोरँ चित्र नाचवत म्हणाले. "मी या हाताने पियानो वाजवतो! लोक म्हणतील, याच्या बोटांना झालं तरी काय!"

"तो डावा आहे, साहेब. पत्र्यावर काढलेलं कागदावर उलटं उमटतं."

"उलटं काय नि सुलटं काय!" फिलोमेन मधे पडली. "सकाळपासून काही खाल्लंय का तुम्ही? रिकाम्या पोटी माणूस असाच तडतडतो. बसा तिथे."

आणि तिने त्यांच्यापुढे कोबी-डुकराच्या रश्शाचं वाडगं आदळलं. व्हिलमोरँ बसले. दुसरं वाडगं त्यांनी स्वतःच मागितलं. पावाने वाडगं पुसता पुसता त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. नाटककार, खगोलशास्त्रज्ञ, गवई, कवी, सगळ्यांचा तोच अंगठा. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग खांदे, आणि मग ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "या सगळ्यांशी माझं पटत नाही," ते म्हणाले, "आणि बघा, आम्ही सख्खे भाऊ निघालो!"

तरीही नव्या चित्राला आपण स्वतःच बसणार, असा त्यांनी हट्ट धरला. बसले, पण पाय ताल धरी, बोटं गुडघ्यावर धावत, मधेच काहीतरी सुचून ते उठून उभे राहत. दोन पत्रे वाया गेल्यावर मोरेलसाहेबांनी सुई फेकली.

"बार्नाबे, तुम्हीच बसा बाबा," व्हिलमोरँ शरण येऊन म्हणाले. "अंगठ्यासकट बसा."

ते चित्र सगळ्यांत जास्त खपलं. व्हिलमोरँच्या शिष्यांना वाटलं, गुरुजींची जादू त्या अंगठ्यातच आहे, आणि कित्येक दिवस ते आपले अंगठे वाकडे करून वाजवत होते. गुरुजी शिष्यांना काही बोलले नाहीत. दुकानात येऊन मात्र त्यांची हुबेहूब नक्कल करून दाखवत.

मोरेलसाहेबांना वाटलं, आता या माणसाचं एकदा त्याच्या स्वतःच्या डोक्यासकट चित्र काढावं. बार्नाबेने मान हलवली.

"माझं नको. तिचं काढा."

"माझं?" फिलोमेन लाजून लालबुंद झाली, जे कुणी कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी ती चांगली टोपी घालून वर गेली आणि बसल्या क्षणापासून बोलत सुटली. कोबी कसा सडका येतो, धोबीण कशी लबाड आहे, खोलीत केवढी धूळ आहे. मोरेलसाहेबांनी तिला थांबवलं नाही. त्यांनी तिला तशीच काढली, तोंड उघडं, हात हवेत, डोळे पेटलेले. बार्नाबेने छपाई उजेडाकडे धरून पाहिली. "हिचा आवाज येतोय," एवढंच म्हणाला.

मोरेलसाहेबांनी त्या चित्राच्याही प्रती विकायला दिल्या. वसंतात दोघं नदीकाठी फिरत असताना जुनी पुस्तकं नि चित्रं विकणाऱ्या एकाच्या पेटीवर फिलोमेनला स्वतःचं तोंड टांगलेलं दिसलं.

"ही कोण हो?" तिने विक्रेत्याला विचारलं.

"ही?" त्याने घसा साफ केला. "मोठी शोकनायिका होती बाई. अख्खं नाट्यगृह रडवायची."

बार्नाबेने तोंड उघडलं, तशी तिने त्याच्या बरगडीत कोपर खुपसलं.

"असेल, असेल," ती मान ताठ करून म्हणाली. "चेहऱ्यावरूनच कळतं."

मग घरापर्यंतच्या अख्ख्या वाटेत ती एक शब्द बोलली नाही. बार्नाबेला काळजीच वाटली. पण दुकानाचं दार उघडताच तिने टोपी खुंटीला लावली, बाह्या सरसावल्या आणि म्हणाली, "अहो, रस्सा गरम करायचाय, तेवढा कोळसा आणा. नायिकेला भूक लागलीय."