नातीच्या नावाचे गहू

नागपूरकडच्या गोरेगावच्या बौद्ध मोहल्ल्यात गुलाबला ओळखत नाही असं घर नाही. जन्मभर विजेच्या खात्यात लाइनमन. भर पावसात खांबावर चढून त्यानं गाव उजेडात ठेवलं आणि संध्याकाळी खाली उतरला की स्वतः नालीच्या काठानं घरी आला. मोहाची दारू त्यानं पाण्यासारखी ढोसली. पुढे काविळीनं धरलं, डॉक्टरांनी हात टेकले, बायकोनं, सुमनबाईनं, मरणाच्या दारातून ओढून आणलं. तेव्हा सोडली ती सोडलीच. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणतात ना!

पीळ वर आला पुतण्याच्या मोबाइलवरून. विवेक नागपूरहून आला होता. घरच्या घरी गव्हाची बीअर कशी करतात, त्याचा व्हिडिओ त्यानं गंमत म्हणून काकाला दाखवला. रिटायर झाल्यापासून गुलाबचे हात शिवशिवत होतेच. गहू भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून किंचित भाजायचे, भरडायचे. मग बेताच्या गरम पाण्यात मुरत ठेवले की गोड पाणी उतरतं. ते उकळून, निववून त्यात यीस्ट सोडायचं, आणि झाकणाला नळी लावून तिचं टोक पाण्यात बुडवायचं, म्हणजे आतला वायू बाहेर जातो नि बाहेरची हवा आत येत नाही. किती सोपं!

"काका, याले परवाना लागते बरं," विवेक म्हणाला.

गुलाबनं ते या कानानं ऐकलं नि त्या कानानं सोडलं. ही काय दारू आहे? गव्हाचं पाणी! मांजर डोळे मिटूनच दूध पितं.

रविवारी विहारात पंचशील घेताना मात्र पाचव्या शीलाशी, नशेपासून दूर राहण्याच्या त्या शब्दांशी, त्याचे ओठ मिटले. शेजारच्यानं पाहिलं की काय, म्हणून त्याला घाम फुटला. चोराच्या मनात चांदणं. लाज वाटली, फार वाटली. आणि एवढी लाज वाटूनही घरी येऊन या गृहस्थानं गहू भिजवलेच.

घरी तेव्हा मुलगी अल्का आलेली होती, सात महिन्यांच्या लेकीला घेऊन. ती बापाशी लागेल तेवढंच बोले. जेवायला या, पंखा बंद करा, बस. तिच्या लहानपणी गुलाबनं तिला कधी कडेवर घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं, त्यालाही नाही. आता नातीला एकदा मांडीवर घ्यावं म्हणून त्याचा जीव तिळतिळ तुटे, पण तो हात पुढे करी तोवर अल्का पोर उचलून आत जाई. मागणार तरी कोणत्या तोंडानं?

मोड आले तसे गुलाबनं गहू गच्चीवर जुन्या चादरीवर पसरले. खाली उतरतो तर जिन्यात सुमनबाई.

"वर का वाळू घातलं जी?"

"गहू," तो पुटपुटला. "मोडाचे."

सुमनबाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग डोळ्याला पदर लावत तिनं हाक मारली, "अल्का, ये इकडे! अंगणवाडीवाल्या बाईनं सांगतलं होतं ना, पोरीले मोडाच्या गव्हाचं पीठ चारा म्हणून? आपण दोघी नुसत्या बोलून राहिलो, अन् तुह्या बाबानं करून ठेवलं!"

'नाही' हा शब्द गुलाबच्या अगदी जिभेवर होता. तेवढ्यात अल्का बाहेर आली. तिनं बापाकडे पाहिलं, आणि पोर त्याच्या हातात दिली. पोरीनं त्याचं बोट घट्ट धरलं. गुलाबनं तो शब्द गिळला.

गहू भाजले गेले, चक्कीवर दळले गेले. सुमनबाई त्याची पातळ खीर करी आणि नात मिटक्या मारत खाई. 'आजा असावा त असा,' मोहल्लाभर झालं. गुलाबला वाटे, कुणीतरी आपल्याला शिव्या घालाव्यात. बीअरसाठी आणून ठेवलेलं यीस्टचं पाकीट आणि नळी त्यानं नेऊन फेकून दिली.

एका संध्याकाळी नात त्याच्या मांडीवर होती. अल्का तिला भरवता भरवता म्हणाली, "बाबा, मनात तुमच्याबद्दल लय वाईट धरून ठेवलं होतं मी. माफ करा."

शिवी सोसली असती, हे सोसेना.

"ते गहू पोरीसाठी नव्हते अल्का," गुलाब म्हणाला. "बीअर काढाची होती मले. गव्हाची. तुह्या मायले वाटलं पोरीसाठी, अन् मी चूप बसलो."

सुमनबाईचा पळीवरचा हात थांबला. अल्कानं पोर उचलून आईकडे दिली आणि परत बापासमोर येऊन बसली. तिच्या लहानपणी तो घरी आला की माय तिलाच दाराशी पाठवायची, बाबाच्या तोंडाला वास येतो का ते बघायला. ती यायची, वास घ्यायची, आणि आत जाऊन सांगायची. मग त्या रात्री घरात काय होणार, ते त्यावर ठरायचं. आता ती तशीच पुढे झुकली, आणि बापाच्या तोंडाशी नाक नेऊन तिनं वास घेतला. गुलाबचे डोळे भरून आले, पण त्यानं मान फिरवली नाही.

"आज त नाही," ती म्हणाली, आणि उठून गेली. पोर काही तिनं परत दिली नाही.

दुसऱ्या दिवशी तो बाजारातून आला तेव्हा अल्का पोरीला घेऊन दारातच उभी होती. गुलाबनं चपला काढल्या, हातातली पिशवी खाली ठेवली आणि तिनं सांगायची वाट न पाहता तिच्या नाकापुढे तोंड उघडलं.