उसाच्या गाड्यांमागं तीन स्पोर्ट्स कार

कन्याकुमारीला जायचं ठरलं ते साताऱ्यात, बाळासाहेबांच्या सोप्यात, तिसऱ्या चहाला. आमच्याकडं तीन विलायती स्पोर्ट्स गाड्या, दोन सीटच्या, टप उघडणाऱ्या. बाळासाहेबांची लाल, उसाच्या पैशावर मुंबईहून आणलेली. मिरजेच्या डॉक्टरांचा मुलगा सुहास, त्याची पांढरी. माझी हिरवी, पुण्याच्या मामांना कंटाळा आला म्हणून माझ्या गळ्यात पडलेली. मी दोनदा कॉलेज सोडलेला माणूस. कुठंही जायला मला कारण लागत नाही.

आधी एक चाचणी फेरी करायची ठरली: सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली, मिरज आणि दुसऱ्या दिवशी जत. जत हा माझा हट्ट. घाट सगळे बघतात, पण मोकळ्या माळावर सरळ रस्ता आणि डोक्यावर नुसतं आभाळ, ते कोण बघतं? नियम एकच, तोही बाळासाहेबांनीच घातलेला: मागची गाडी आरशात दिसेनाशी झाली की थांबायचं.

जानेवारी निवडला, हवा झकास म्हणून. बाळासाहेबांच्या घरचा ऊस त्याच आठवड्यात तुटत होता, तरी कारखाने चालू असताना या रस्त्यावर काय असतं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. इतके आम्ही शहाणे.

कराडपर्यंत रस्ता लोण्यासारखा. तिथं मिसळ खाऊन घ्या, स्वस्त आहे आणि कान लाल करते. इस्लामपूर सोडलं आणि संपलं. समोर नजर पोचेल तिथवर उसाच्या बैलगाड्या. आमची इंजिनं पहिल्या गियरमध्ये रडायला लागली. गाड्यांवर बसलेल्या बायका वरून खाली बघत हसत होत्या.

"आवं, बैल जुपा की पुढं! लवकर पोचाल!"

मला हसू आलं. बाळासाहेबांना आलं नाही. त्यांचा हॉर्न म्हणजे आगगाडीचा भोंगा. तो त्यांनी एका गाडीच्या अगदी बगलेला जाऊन दाबला आणि दाबूनच धरला. बैल बुजले. चाक कडेच्या चरात गेलं, गाडी कलली, ऊस धडाधड खाली आला आणि डावा बैल जुवासकट गुडघ्यावर पडला. मधे जेवढी फट झाली तिच्यातून लाल गाडी गेली. मागोमाग पांढरी. मी थांबलो.

गाडीवान आला, वाकला आणि माझ्या गाडीची किल्लीच काढून घेतली. नाव बिराप्पा.

"भरून द्या. मग जावा."

"मी हॉर्न नाही वाजवला."

"वाजवणारा कुठं हाय? दावा."

काय दावणार? उतरलो. गाडी चालवायच्या हातमोज्यांनीच दुपार उतरेपर्यंत मोळ्या उचलल्या. त्याची बायको म्हणाली, "हातमोजं काढू नका सायेब, वाढ्याचं पान कापंल. मऊ हात हायती." वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. पान मोज्याच्या वर, मनगटाला कापलं. बैल उठला, पण पुढचा पाय टेकेना. बिराप्पा त्या पायावरून परत परत हात फिरवत होता. हंगाम निम्मासुद्धा झाला नव्हता.

"कुठं निघालाय?" त्यानं शेवटी विचारलं.

"जतला."

"जतला? तितं काय बघताय? आमी समदी हितं कोयता घेऊन. माजी म्हातारी तेवढी हाय तितं." त्यानं गावाचं नाव सांगितलं, शेजारच्या सीटवर आठ-दहा ऊस ठेवले आणि किल्ली माझ्या हातात दिली. "तिला द्या. बैलाचं सांगू नका."

मिरजेला दोघं खानावळीत मटण ओरपत होते.

"आलास? आमाला वाटलं टायर बसलं," बाळासाहेब म्हणाले.

"आरशात दिसत नव्हतो?"

"गर्दी जमली असती गड्या. तू गोड बोलतोस, तुला सोडतील म्हटलं."

"बैल पडलाय."

"बैल उठतो."

सुहासनं माझ्यासाठी ताट मागवलं. मी न जेवता उठलो आणि तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत फिरलो. वाळत टांगलेले भोपळे बघण्यासारखे असतात, चुकवू नका. मला मात्र प्रत्येक भोपळ्यात बाळासाहेबांचं तोंड दिसत होतं.

सकाळी एकटाच जतला निघालो. रस्ता मी म्हणत होतो तसाच, मोकळा, वर आभाळ. वेग घ्यावासा वाटला नाही. गावात दारं बंद, मेंढरांमागं एखाददुसरा म्हातारा. बिराप्पाच्या आईनं ऊस घेतले आणि आधी विचारलं, "बैल बरं हायती? डावा अजून मारतोय का?"

"मारतोय."

"मग बरं हाय."

खोटं मी बोललो, बाळासाहेबांच्या वाट्याचं.

साताऱ्यात परतलो तर सोप्यात कन्याकुमारीचा नकाशा पसरलेला. मी म्हटलं, "आधी इस्लामपूरला चला. गुरांचा डॉक्टर घेऊ आणि तुमी स्वतः बिराप्पाला तोंड दावायचं."

"एका बैलापायी कन्याकुमारी घालवतोस?"

मी जे बोललो ते इथं लिहिता येत नाही. बाळासाहेबांच्या आई आतून बाहेर आल्या, एवढं सांगतो.

दुसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांना बिराप्पाकडं मीच नेलं. एका हातानं टोपी आणि एका हातानं पेटी धरून ते बसले. पाय बघून म्हणाले, "पावसाळ्यापर्यंत याच्या मानेवर जू ठेवायचं नाही."

"आन् जोडीचा?" बिराप्पानं विचारलं. "त्यो एकटा काय वडणार?"

डॉक्टर पेटी बंद करत राहिले.

या रस्त्यानं जाणार असाल तर कारखाने बंद झाल्यावर जा. जत बघाच. मला तीन दिवसांतलं काय उरलं विचाराल तर राग. माझी आई म्हणते निवळेल. सुहासचा निरोप आलाय, तिसऱ्या गाडीची जागा अजून ठेवलीय म्हणून. मी उत्तर दिलेलं नाही.

परवा परत इस्लामपूरला जाऊन आलो. बिराप्पा दुसऱ्याच्या गाडीवर मोळ्या चढवत होता. त्याचे दोन्ही बैल बाभळीखाली बसून त्याच्याकडं बघत होते.