बोटीत सगळ्यांचेच घसे बसतात

"तुना घसा बसना का रे?" असं म्हणत ते समोरच्याच्या हनुवटीला दोन बोटं लावायचे आणि त्याचं तोंड आपल्याकडे वळवून घ्यायचे. शाळकरी पोर असो की विम्याचा एजंट, सगळ्यांना एकच न्याय. मग सदऱ्याच्या खिशातून ज्येष्ठमधाची काडी निघायची. "चघळ. आवाज मोकळा होईल." आता घसा कुणाचाच बसलेला नसायचा. गेले होते ते यांचे कान. पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची छाती सुरतेच्या लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत कुणाची नव्हती.

त्यांचं नाव सांगत नाही. गल्ली त्यांना नाना म्हणायची, तुम्हीही म्हणा. गाव खानदेशातलं, शिरपूरच्या अलीकडचं. बोलणं घरात अहिराणी, बाहेर मराठी, मालकाशी गुजराती, आणि तिन्ही भाषा एकाच पट्टीत, म्हणजे तीन घरं पलीकडे ऐकू जाईल अशा. उभी हयात लूमवर गेली त्यांची. तुमच्यापैकी कुणी लूमच्या खात्यात पाऊल ठेवलंय का? पत्र्याची शेड, आत ओळीनं माग, आणि सगळे एकदम धडधडत असतात. मी परभणीकडची बाई, लग्न होऊन सुरतेला आले, तेव्हा नवऱ्याचा डबा द्यायला पहिल्यांदा आत गेले आणि कान दाबून बाहेर पळाले. आतले कारागीर मात्र निवांत गप्पा मारत होते. आवाजानं नाही हो, ओठांनी. हा इकडच्या मागावरून ओठ हलवतो, तो तिकडून हसतो. वर्षानुवर्षं तिथं राहून कान जातात आणि डोळे तयार होतात. नानांचं तसंच झालं. फक्त कान गेल्याचं त्यांनी स्वतःलासुद्धा कळू दिलं नाही. जगाचा आवाज बारीक झालाय, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांना एकच मुलगी, शोभा. आई लहानपणीच गेली, त्यामुळे बापाचा डबा खात्यात पोचवायचं काम तिचं. ओठांची ती भाषा तिनं तिथंच उचलली. शेजारी राहायला आले तेव्हा मी पाहायची, संध्याकाळी दोघं ओट्यावर समोरासमोर बसलेले, आवाज म्हणून नाही. मला वाटलं, बापलेकीत अबोला दिसतोय. वाईट वाटून समजूत घालायला निघणार, तेवढ्यात दोघं एकदम खदखदून हसली. तेव्हा उमगलं, यांच्या गप्पा रंगल्यात आणि बहुतेक माझ्याचबद्दल चालल्यात.

शोभा उपवर झाली आणि नानांच्या झाकल्या मुठीला धोका उत्पन्न झाला. पहिलं स्थळ उधन्याचं आलं. पाहुणे चहा पितायत, मान खाली घालून मुलाच्या काकांनी विचारलं, "तुमच्याकडे नळाला पाणी कधी येतं?" नाना ठणकावून म्हणाले, "बारावी पास आहे!" मी पदराआड हसले, पण ते हसण्यासारखं नव्हतं. चार दिवसांनी निरोप आला, बाप बहिरा आहे, उद्या मुलंबाळं तशीच निपजली तर काय करायचं? नानांना निरोप कुणी सांगितला नाही. सांगावाही लागला नाही, निरोप्या आमच्याशी बोलत होता तेव्हाच त्याचे ओठ त्यांनी खिडकीतून पाहिले होते. दोन दिवस ते कुणाला घशाबद्दल काही बोलले नाहीत.

मग दुसरं स्थळ आलं. मुलगा कामरेजला एका छोट्या कारखान्यात टर्नर, आईबाप खानदेशातलेच. नात्यातल्या एका लग्नात शोभानं त्याला पाहिलं होतं आणि तो तिला आवडला होता. हे तिनं मला सांगितलं, फॉल लावायला दिलेली साडी न्यायला आली तेव्हा. साडीची घडी तिनं उगाचच पाच वेळा घातली. "काकू, हे मोडलं तर मी लग्नच करणार नाही," म्हणाली. एवढी शांत पोर, पण बोलली ते एक घाव दोन तुकडे.

सुरतेत प्लेगची पळापळ झाली, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. एका सकाळी नाना माझ्या दारात उभे. "ताई, मुलगी दाखवायचा कार्यक्रम डुमसला ठेवलाय. बोटीत. बाईमाणूस हवं, तुम्ही चला."

मी कपाळाला हात लावला. "अहो नाना, मुलगी दाखवायला समुद्रात कोण नेतं? लोक काय म्हणतील?"

नाना माझ्या तोंडाकडे बघत होते. मग खाली मान घालून, त्यांच्या मानानं अगदी हळू, म्हणजे फक्त माझ्या घरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "बोटीत सगळ्यांचेच घसे बसतात."

मला हसावं की रडावं कळेना. आपल्या कानांबद्दल तो माणूस त्याहून जास्त कधी बोलला नव्हता. मी म्हटलं, येते.

डुमसला तेव्हा एक कोळी रविवारी मासे धरायची बोट धुऊन, आडव्या फळ्या टाकून लोकांना चक्कर मारून आणायचा. भरतीचं पाणी असेल तेवढ्या वेळात किनाऱ्याकिनाऱ्यानं तापी समुद्राला मिळते तिथवर जायचं आणि परत. नानांनी अख्खी बोट ठरवली. आम्ही मुद्दामच उशिरा पोचलो. पाहुणे धक्क्यावर ताटकळलेले. नानांनी लांबूनच नमस्कार घातला, "चला चला, पाणी उतरेल!" म्हणत सगळ्यांना बोटीत बसवलं. इंजिन सुरू झालं आणि सगळं बोलणं बुडालं.

काय आवाज होता त्या इंजिनाचा! शेजारच्याचं शेजारच्याला कळेना. मुलगा बापाला काही विचारतो, बाप कानाला हात लावून "काय? काय?" करतो. आमचे नाना मात्र राजासारखे बसले होते. मुलाचे वडील समोरून काही विचारायचे, की यांचं उत्तर तयार. आणि उत्तर देणारा तो आवाज! लूमवर कमावलेला, इंजिनाला पुरून उरणारा. "ते बघा सुरूचं बन! वाळू कशी काळी आहे बघा! ती समोर हजिऱ्याची चिमणी! आणि ही आपली तापी, तिकडून आपल्या गावाजवळून आलेली!" ऊन पाण्यावर चमकत होतं, बगळे उडत होते, कोळ्यांच्या होड्या हिंदकळत होत्या. किनारा इतका देखणा मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मुलाचे वडील मान डोलावत होते. माझा जीव भांड्यात पडला.

एकच अडचण होती. मुलाची आई. आपल्याकडे होणाऱ्या व्याह्यासमोर बाई तोंड उघडं टाकत नाही, त्यात या खानदेशी माउलीनं पदर असा ओढून दातात धरला होता की नुसते डोळे दिसत होते. नाना पुन्हा पुन्हा तिकडे बघायचे आणि नजर वळवायचे. बोटीत सगळ्यांचं त्यांना कळत होतं, फक्त तिचं कळत नव्हतं. आणि त्या घरात शब्द कुणाचा चालतो, हे काही मला कुणी सांगायला नको होतं.

मग मुलाच्या वडिलांनी बायकोच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. नानांना ते समोरून लख्ख दिसलं, शोभालाही. तिनं घरी आल्यावर मला सांगितलं. ते म्हणाले होते, "लोक काय वाट्टेल ते उठवतात. म्हणे बाप ठार बहिरा! आपल्यापेक्षा याला जास्त ऐकू येतं."

नानांचा चेहरा असा फुलला म्हणता! त्यांनी लेकीकडे पाहिलं, ओठ हलवले. शोभा हसली नाही. तिनं ओठ हलवले. नानांनी मान हलवली, नाही. ती पुन्हा काही बोलली. असं दोघांचं चाललं होतं आणि बोटीतले आम्ही सगळे इंजिनाच्या धुरात बसून नुसते बघत होतो. मुलगाही टक लावून बघत होता. शोभानं नंतर सांगितलं, त्यांचं बोलणं झालं ते असं:

"जमलं गं पोरी."

"नाना, त्यांना सांगा."

"येडी का काय? मोडेल."

"मोडू द्या. खोट्यावर मला नांदायला पाठवू नका. उद्या ते घरी येतील, तुम्हाला हाक मारतील, तेव्हा मी कुठं तोंड लपवू?"

"तुला तो पसंत आहे ना?"

"आहे. म्हणूनच सांगा."

नानांनी सदरा खाली ओढून नीट केला. मग उठले. हेलकावणाऱ्या बोटीत त्यांनी बोटवाल्याला हातानं खूण केली, खात्यात माग बंद करायला सांगतात तशी. तो ओरडला, "काका, अहीं मशीन बंध ना कराय, पाणी उतरे छे!" नानांनी खूण तशीच धरून ठेवली. शेवटी त्यानं चरफडत इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. पाण्याची चुबुकचुबुक तेवढी. नानांना ती शांतता कळणार कशी? ते आपले इंजिनाच्या वरताण ओरडले,

"माले ऐकू येत नही!"

किनाऱ्यावर भजी खात बसलेली माणसं वळून बघायला लागली. बोटवाला दचकून मागे सरकला. नानांचा आवाज तसाच. "लूमवर गेले कान. जन्मापासून नाही, पोरीत काही दोष नाही. तुम्हाला फसवायला बोटीत आणलं. पोरीला ते मान्य नाही. आता काय ते बोला. पण तोंड माझ्याकडे करून बोला."

मुलाच्या वडिलांनी खाकरून बायकोकडे पाहिलं. शोभानं फळी घट्ट धरली होती, बोटं पांढरी पडलेली. मला तर वाटलं, घेतला आता पोरीनं हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून. खरं सांगते, मला तिचा रागच आला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, काय गरज होती उघडायची?

तेवढ्यात त्या बाईनं दातातला पदर सोडला. तो खाली घेतला, खांद्यावर नीट टाकला. उन्हात तिचं उघडं तोंड, कपाळावरचं मोठं कुंकू. पुढे वाकून तिनं नानांच्या डोळ्यांत पाहिलं आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

"पोर पसंत शे आमले."

नाना म्हणाले, "काय?"

ती पुन्हा म्हणाली. नाना पुन्हा म्हणाले, "काय?" तिनं तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा तिचेही डोळे भरले होते आणि हसूही फुटलं होतं. शोभा मला नंतर म्हणाली, "काकू, त्यांना पहिल्या खेपेलाच कळलं होतं. पुन्हा पुन्हा बघायचं होतं त्यांना."

पुढं काय झालं म्हणता? बोट रुतली. एवढ्या भानगडीत पाणी उतरलं आणि आम्ही चिखलात बसलो. बोटवाला सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. शेवटी साड्या-धोतरं वर खोचून गुडघाभर चिखलातून चालत यावं लागलं. दोन्ही व्याही हातात हात धरून पुढे, आणि मागून मुलगा शोभाकडे बघत बिनआवाजाचे ओठ हलवून काही सांगायचा प्रयत्न करत होता. काय बोलला कुणास ठाऊक. शोभालासुद्धा एक अक्षर कळलं नाही, इतकी हसली ती.

लग्न झालं. शोभा कामरेजला गेली आणि नानांचा ओटा रिकामा झाला. मग ते संध्याकाळी माझ्या दारात येऊन बसायला लागले. "ताई, बोला काहीतरी." मी म्हणायची, काय बोलू? "काहीही. तुमचं बोलणं फार स्वच्छ दिसतं." माझा नवरा म्हणतो, हिच्या तोंडाला कुलूप नाही. साऱ्या आयुष्यात माझ्या बडबडीचं कौतुक केलं ते नानांनीच. फॉल लावता लावता मी त्यांना गल्लीतली भांडणं सांगायची, भाजीचे भाव सांगायची, आणि ते असे बघत राहायचे की मलाच मी कुणी मोठी असल्यासारखं वाटायचं. मध्येच विचारायचे, "कामरेजची बस कितीला असते?" त्यांना ते पाठ होतं. मी दर वेळी सांगायची.

तीन-चार वर्षांनी ते गेले. दुपारी जेवून ओट्यावर आडवे झाले ते उठलेच नाहीत. कामरेजला निरोप गेला. शोभा येईपर्यंत गल्लीतल्या बायका जमल्या, रडारड सुरू झाली.

ती आली. कुणाच्या गळ्यात पडली नाही. सरळ आत गेली आणि बापाच्या समोर, त्याच्या तोंडासमोर तोंड येईल अशी बसली. तिचे ओठ हलायला लागले. आवाज नाही. बायका एकमेकींना म्हणाल्या, पोरीला रडवा गं, धक्का बसलाय तिला. मी म्हटलं, थांबा.

थोड्या वेळानं तिचे ओठही थांबले. ती त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग खाली वाकली, तोंड त्यांच्या कानाला लावलं आणि खात्यातले सगळे माग चालू असावेत अशा आवाजात ओरडली,

"नाना! मी आले!"