पहिल्या हाकेला ओ

अक्कांच्या घरी राहायचं तर एकच गोष्ट जमावी लागे. हाक आली की पहिल्याच हाकेला ओ द्यायची. दुसऱ्या हाकेची वाट बघायची नाही, 'हं' करून कूस बदलायची नाही, तोंडात ब्रश असला तरी थुंकून आधी ओ. सकाळी उजाडल्यावर आणि दुपारी जेवणं आटोपल्यावर, असं दिवसातून दोनदा अक्का अंगणाच्या मध्यावर उभ्या राहत आणि घरात असलेल्या प्रत्येकाचं नाव घेत. नाव घ्यायचं, मान तिरकी करून ऐकायचं, ओ आली की पुढचं नाव. पहिले चार दिवस मला हसू यायचं. पाचव्या दिवशी मी न्हाणीत असताना हाक आली आणि मी मुद्दाम गप्प बसले. अक्कांनी दार दोन्ही हातांनी असं बडवलं की आतली कडी निखळून खाली पडली. मी ओल्या अंगानं "ओ, ओ" करत राहिले. बाहेर आले तर त्या पायरीवर बसल्या होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सिस्टर, येवढं एक पाळा. बाकी काय बी मोडा."

मी तेव्हा सास्तूरला दवाखान्यात नर्स होते. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव ते. सरळ रेषेतल्या गल्ल्या, एकसारखी घरं, नवखा माणूस दोनदा तरी भलत्याच अंगणात शिरतो. अक्कांनी आपल्या घराला लागून पत्र्याच्या तीन खोल्या काढल्या होत्या. एक माझ्याकडं महिन्यानं होती, उरलेल्या दोन दिवसावारी जात. पवनचक्कीवाले, रस्त्याच्या कामावरचे सुपरवायझर, नळदुर्गचा किल्ला बघून वाट वाकडी करून आलेले हौशी लोक, आणि भूकंपाचा अभ्यास करणारे विद्यार्थी. अक्कांचा मुलगा दत्ता पुण्याला नोकरीत. त्यानं तिथूनच खोल्यांची जाहिरात मोबाईलवर टाकली होती. तिच्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'जेवण उत्तम, खोली स्वच्छ, पण मालकीणबाई सारख्या हाका मारतात, भीती वाटते.' दत्तानं चिडून फोनवर आईला ते वाचून दाखवलं. अक्का म्हणाल्या, "वाटू दे की. भ्यालेलं माणूस ओ तर देतंय."

किल्ली हातात देण्याआधी अक्का उंबऱ्यात नियम सांगत. चपला बाहेर. खोलीत दारू नाही. जेवढी नावं सांगितली तेवढीच माणसं. दुपारच्या वेळी जुन्या गावठाणाकडं जायचं नाही. आणि शेवटी हाकेचं. पाव्हणे मान डोलावत आणि संध्याकाळपर्यंत निम्मे नियम मोडत. अक्का कधी भांडल्या नाहीत. एकदा रस्त्याच्या कामावरचे चौघं खोलीत बाटल्या घेऊन बसले. सकाळी अक्कांनी त्यांना चहा नेला, ताटात पाच कप. एक जण म्हणाला, "मावशी, आम्ही चौघंच आहोत." अक्का शांतपणे कप मांडत म्हणाल्या, "पाचवा तुमच्या मागं बसलाय की कवाधरनं. त्याला बी लागंल." चौघांनी मागं वळून पाहिलं नाही, चहाही घेतला नाही. अर्ध्या तासात खोली रिकामी झाली. मी पोट धरून हसत होते. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी चार कप विसळले आणि पाचवा तसाच भरलेला कोनाड्यात ठेवला. मग मलाही हसणं अवघड झालं.

हाक मारताना त्यांचा आवाज मोठा नसे. तरी तो कुठंही पोचायचा, भिंतीतून यावा तसा. शेवटचं नाव घेऊन झालं, त्याची ओ आली, तरी त्या लगेच हलत नसत. अजून एक नाव राहिल्यासारख्या उभ्या राहत. ओठ हलायचे, आवाज फुटायचा नाही. भर उन्हात आपलीच सावली पायाखाली घेऊन उभी असलेली ती बाई बघितली की मला उगाच गार वाटायचं. मग त्या पदरानं तोंड पुसून आत जात आणि अंगण पुन्हा अंगण होई.

एकदा भाकरी करताना मी सहज म्हटलं, "अक्का, आमच्याकडं उलटं सांगतात. पहिल्या हाकेला ओ देऊ नये, दुसरीलाही नाही. तिसरी आली तरच माणूस समजायचं, नाहीतर काय हाक मारतंय कुणास ठाऊक." अक्कांचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली, धूर झाला, मी ती उलथली. मग त्या म्हणाल्या, "आमच्यात बी त्येच व्हतं." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

ती मुलगी आली माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षी, चैत्रात. सायली नाव, पुण्याची, वीस-बावीसची, मोबाईलवर ओसाड जागांचे व्हिडिओ करून टाकायची. तीन दिवसांसाठी माझ्या शेजारची खोली घेतली. मुलगी गोड होती, पण नियम म्हणजे मोडायलाच केलेले असतात अशा घरची. पहिल्याच दिवशी चपला घालून आत. अक्कांनी त्या उचलून, पुसून बाहेर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मी सकाळची ड्यूटी करून आले होते, पाय सुजलेले, पाठ टेकली होती, तेवढ्यात ती दारात आली. "ताई, जुन्या गावात जाऊन येते. दुपारच्या उन्हात फार भारी दिसतं ते. अक्कांची हाक आली तर माझी ओ तुम्ही देता का? प्लीज." दोन्ही खोल्यांची भिंत वर पत्र्यापर्यंत पोचलेली नव्हती, आवाज इकडून तिकडं सहज जाई. मी खरं तर तिला थांबवायला हवं होतं. पण उठून समजूत घालायचा कंटाळा आला. जा बाई, म्हटलं.

हाक आली. आधी माझं नाव, मी ओ दिली. मग "सायली". मी खाटेवर उभी राहिले, तोंड भिंतीच्या वरच्या फटीशी नेलं आणि जरा बारीक आवाज काढून म्हटलं, "ओ." आणि जीभ चावून खाली बसले. स्वतःचंच हसू येत होतं. बाहेर अक्का हलल्याचा आवाज आला नाही. त्या उभ्याच होत्या, नेहमीपेक्षा फार जास्त वेळ. मग पावलं आत गेली.

अर्ध्या तासानं मी बाहेर आले. अक्का ओसरीवर चिंचा फोडत बसल्या होत्या. मी त्यांच्याशेजारी बसून चिंचोके काढायला लागले, तेवढ्यात फाटक वाजलं आणि सायली आत आली. गुडघ्यापर्यंत पांढरी धूळ, ओढणीला बोराटीचे काटे. अक्कांनी तिच्याकडं पाहिलं. मग तिच्या खोलीच्या बंद दाराकडं पाहिलं.

"तू आत न्हवतीस?"

"नाही... आत्ताच येतेय."

"मग आतनं ओ कुणी दिली?"

सायलीनं माझ्याकडं पाहिलं. मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं, 'अक्का, मी दिली.' पण अक्कांच्या चेहऱ्याकडं माझं लक्ष गेलं. तो चेहरा घाबरलेला नव्हता. दवाखान्यात बाळंतिणीच्या आईला आपण आत बोलावतो तेव्हा ती जशी बघते, तसं त्या त्या बंद दाराकडं बघत होत्या. मी मान खाली घातली. माझं बघून सायलीही गप्प राहिली आणि संध्याकाळच्या एसटीनं निघून गेली.

चिंचेनं चिकट झालेले हात मांडीवर ठेवून अक्का त्या दुपारी पहिल्यांदाच भूकंपाचं बोलल्या. "माझी शालन नऊ वर्साची व्हती. दत्ता मामाकडं नळदुर्गाला गेल्ता म्हणून वाचला. त्या राती आमी मातीच्या माळवदाच्या घरात. मला दीर-जावेनं वढून काडलं, पाय अडकल्ता. ती पल्याडच्या खोलीत. दिरानं ढिगावर वाकून हाक मारली, शालन म्हणून. परत मारली. दोनदा. आतनं कायच न्हाय. शेजारच्या ढिगातनं लेकरू रडत व्हतं, समदे तिकडं धावले. तवा कुणाकुणाला काडावं? तिला संध्याकाळी काडलं." त्यांनी हात पदराला पुसले. "अंगावर वरखाडा न्हवता, सिस्टर. नुसती नाकातोंडात माती. जित्ती व्हती ती. हाक ऐकत व्हती. म्याच शिकिवलं व्हतं तिला, अवेळी हाक आली तर दोन सोडायच्या, तिसरीला ओ द्यायची. लई गुणाची लेक. सांगितलेलं मोडायची न्हाय."

मी नर्स आहे. ढिगाखाली माणूस बेशुद्ध असतं, आवाज फुटत नाही, हे सगळं मला सांगता आलं असतं. मी चिंचोके वेचत राहिले. अक्का त्या दाराकडं बघत म्हणाल्या, "आज पयल्या हाकेला दिली." आणि इतक्या वर्षांत मी पाहिलं नव्हतं असं त्या हसल्या. मला ओसरीवरून उठून पळून जावंसं वाटलं.

ती खोली त्यानंतर कुणाला दिली नाही. दार सताड उघडं, खाटेवर धुतलेली चादर, माठात रोज ताजं पाणी. दत्ता फोनवर वैतागला, पुण्याला न्यायच्या गोष्टी करू लागला, अक्का ऐकून घेत आणि फोन ठेवून देत. दुपारची हजेरी आता मोठी झाली होती. माझं नाव, दुसऱ्या खोलीतल्या पाव्हण्यांची नावं, आणि शेवटी मोठ्यानं, "शालन." एकदाच. मग त्या थांबत. मी भिंतीच्या अलीकडं श्वास धरून पडलेली असे. दोन-तीनदा तर माझ्या ओठांवर ओ आली होती. एवढीशी ओ, त्या बाईच्या जिवाला किती गारवा देईल, असं वाटायचं. पण पहिलीचीच लाज अजून पोटात होती. आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटायची. मी माझी खाट त्या भिंतीपासून सरकवून दुसऱ्या बाजूला घेतली होती. दुपारी त्या रिकाम्या खोलीत माठावरचं झाकण वाजलं की मी मांजर असेल म्हणायचे. मांजर मला कधी दिसलं नाही.

त्यानंतर दीड वर्षानं माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सामान रिक्षात टाकलं आणि अक्कांच्या पाया पडले. त्यांनी मला जवळ घेतलं. हे ओझं घेऊन आता जायचं नाही, असं मी रात्रीच ठरवलं होतं. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवूनच मी सांगून टाकलं. "अक्का, त्या दिवशी सायलीच्या नावाला ओ मी दिली होती. ती पोरगी सांगून गेली होती मला. तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. मला माफ करा."

त्या मला दूर लोटतील असं वाटलं होतं. त्यांचा हात माझ्या पाठीवरून तसाच फिरत राहिला.

"म्हायती हाय मला," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज म्या वळखत न्हाय व्हय? इतकी वर्सं रोज ऐकते. पोरीला पाठीशी घालाय लागल्यात म्हणून राग बी आल्ता."

मी मान वर केली. "मग तुम्ही..."

"तिच्या नावाला तुमची पयली. ती झाल्यावर मागनं आली ना येक, जरा दबकत. तवाच म्या थांबले."

सायली जुन्या गावात गेली त्या दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. तिसरं कुणी नव्हतं, दुसरी खोली आठवडाभर रिकामी होती, हे मी तेव्हापासून आजवर शंभर वेळा मनाशी ताडून पाहिलं आहे. सायलीच्या नावाला मी एकच ओ दिली होती. माझ्या कानांनी दुसरी ऐकली नाही. पण माझं तेव्हा कुठं लक्ष होतं, मी आपली जीभ चावून हसू दाबत होते.

अक्कांनी माझ्या कपाळावर कुंकू टेकवलं, हातात चिंचेचा गोळा दिला. अंगणात ऊन अगदी डोक्यावर आलं होतं. त्यांनी एकदा त्या उघड्या दाराकडं पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "जावा आता, सिस्टर, येस्टी चुकंल. माझी बी हाकेची येळ झाली."