मारुतीच्या शंभर फेऱ्या आणि सोनईचे नालबंद

गुडघा दुखतो म्हणून कुणी इंदूरहून सोनईला जातं का, असं खोलीतल्या सगळ्यांनी विचारलं. मी गेलो. सत्तर साल सरत आलं होतं, थंडी पडली होती, आणि गिरण्यांच्या दहा मैलांच्या शर्यतीला महिना उरला होता. मी बदली कामगार. रोज सकाळी फाटकापाशी उभं राहायचं, कुणी आलं नसेल तर त्याच्या जागी आत जायचं. शर्यतीत पहिल्या तिघांत येईल त्याला कायम करू, असं साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. चौथी शिकलेल्याला याहून मोठ्या परीक्षेला कोण बसू देणार? मी पास होणार याची मला खात्री होती. फक्त उजवा गुडघा जिना उतरताना कळ मारायला लागला होता. सोनईला एक हाडवैद्य आहेत, हे लहानपणापासून ऐकून होतो.

खांडव्याला एक गाडी आणि मनमाडला दुसरी बदलून कोपरगावला उतरलो. या बाजूला येणाऱ्यांनी मनमाडलाच जेवून घ्यावं; पुढची पॅसेंजर कधी निघेल ते इंजिनालाच ठाऊक. कोपरगावात एस.टी. धरली. गोदावरीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना ऊस. कारखान्याकडं निघालेल्या बैलगाड्यांची रांग पुढं आणि आमची एस.टी. तिच्या मागं मागं. उतरून चाललो असतो तर आधी पोहोचलो असतो, पण गुडघा.

राहात्याला आक्काकडं मुक्काम. स्टँडबाहेर टोपलीतले पेरू मिळतात, मीठ-तिखट लावून तिथंच खावेत. आक्कानं एरंडाचं पान गरम करून गुडघ्यावर बांधलं आणि बांधता बांधता बोलून घेतलं, "पळून कुनाचं भलं झालंय रं? हितं कारखान्याचा हंगाम चालू हाय. दाजी शब्द टाकतील." हंगाम संपला की पुन्हा कुणाच्या तरी फाटकापाशी उभं राहणं आलंच. सकाळी पान सुकलं होतं, कळ होती तशीच.

दुसऱ्या दिवशी सोनई. राहुरीला गाडी बदलावी लागते. तिथली भजी खावी, चहा घेऊ नये. सोनईत पोहोचलो तर हाडवैद्य लेकीच्या गावाला गेलेले, कधी येतील ते घरातल्यांनाही माहीत नाही. तोंड पाडून बाजाराजवळच्या लिंबाखाली बसलो. समोर एक म्हातारे नालबंद दोरानं पाय बांधून आडव्या पाडलेल्या बैलाच्या खुरांना पत्र्या ठोकत होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. बैल उठून उभा राहिल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं, म्हणजे तोंडाकडं नाही, पायांकडं.

"काढ ते बूट."

माझे कॅनव्हासचे बूट त्यांनी उलटे करून शेजारी शेजारी धरले. दोन्ही तळवे उजव्या कडेलाच झिजलेले. इतके दिवस मला दिसलं नव्हतं.

"कुठल्या घान्याला जुपलंय तुला?"

मी सांगितलं. गिरणीच्या आवारात मारुती आहे; दर्शनाला पहारेकरी कुणालाही आत सोडतो, कामाला तेवढं नाही. रोज पहाटे त्याच्या पाराभोवती पळत शंभर फेऱ्या घालतो. सराव होतो आणि सेवाही घडते.

"एकाच अंगानं?"

"देवाला डावं घालून कसं चालंल, चाचा?"

बैलाचा मालक हसला. चाचा हसले नाहीत. "घान्याचा बैल बी एकाच अंगानं फिरतो. त्याचा आतला पाय आधी जातो. पन तो जुपलेला हाय. तू मोकळा हायस न्हवं? तुमच्या इंदुरात सडक न्हाई का?"

आठ दिवस पळू नको, मग सरळ पळ, डांबर सोडून मातीवरनं, एवढंच त्यांनी सांगितलं. मी खिशात हात घातला तर म्हणाले, "जनावराचे चार पायांचे घेतो. दोन पायांचा भाव अजून ठरला न्हाई."

आठ दिवस आक्काच्या हातचं खाल्लं. नवव्या दिवशी सकाळी राहात्याहून बाभळेश्वरच्या फाट्याकडं निघालो, रस्त्याच्या कडेच्या मातीवरून, मागं सायकलवर दाजी. दोन मैलांवर त्यांनी थांबायचं का विचारलं. मी कळ येण्याची वाट बघत होतो. ती आली नाही. फाटा आला तेव्हा दाजीच धापा टाकत होते.

आक्कानं मग हंगामाचा विषय काढला नाही. निघताना दशम्या बांधून दिल्या आणि म्हणाली, "जा बाबा. पन मारुतीला इसरू नगं."

शर्यतीत मी तिसरा आलो. शेवटच्या मैलाला चौथ्याचा श्वास मानेवर लागत होता, पण मागं वळून पाहिलं नाही. साहेबांनी शब्द पाळला.

ते जुने बूट अजून खाटेखाली आहेत. पहाटे मारुतीला पाच फेऱ्या घालतो, चालत, रीतीप्रमाणे. मग फाटकाबाहेर पडून देवासच्या रस्त्यानं सरळ पळत सुटतो. ज्या फाटकापाशी आत घेतील का म्हणून वर्षभर उभा होतो, त्यातून आता रोज आपल्या पायांनी बाहेर जातो आणि भोंगा व्हायच्या आत परत येतो.