दुसऱ्याच्या नावावरची गाडी

हैदराबादहून जुनी गाडी आणली आणि चाकुरात मला चार पावलं सरळ चालणं मुश्कील झालं. कितीला पडली, ॲव्हरेज काय देते, पुरात बुडालेली तर नाही ना, सीटखालचा गालिचा उचलून वास घेतला होता का. घेतला होता. या प्रश्नांना माझ्याकडं उत्तरं होती. ज्यांना नव्हती, ते प्रश्न माझ्याच घरात बाजेवर बसून विचारले गेले.

आमचे अप्पा एसटीचे ड्रायव्हर. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. आता आठवड्यातून दोनदा त्यांना लातूरला डायलिसिससाठी जावं लागतं. जाताना ठीक असतात, येताना अंगात त्राण नसतं. सोबत आई असते, आणि तिचे गुडघे तिला साथ देत नाहीत. एकमेकांना धरून दोघं बसच्या पायऱ्या चढायचे, ते बघून मला माझीच लाज वाटायची. म्हणून गाडी. नवी घेण्याची ऐपत नव्हती, आणि आमच्या भागात जुनी घ्यायची म्हटलं की लोक हैदराबादकडंच बघतात. मी तेव्हा बिलोलीच्या शाळेवर होतो. तिथून तेलंगणाची हद्द किती लांब? शाळेतल्या दोघांनी तशाच गाड्या आणल्या होत्या. माझी बदलीची ऑर्डरही येऊ घातली होती. एका रविवारी गेलो आणि पांढरी गाडी घेऊन थेट चाकूरला आलो.

अप्पांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. टायर अंगठ्यानं दाबून पाहिले. बॉनेट उघडायला लावून इंजिनाचा आवाज ऐकला.

"इंजन चांगलं हाय," ते म्हणाले. मला आभाळ ठेंगणं झालं. मग त्यांनी हात पुढं केला. "कागद दाव."

मी आरसी बुक दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "हे कुणाचं नाव हाय?"

"पहिल्या मालकाचं. महिन्याभरात माझ्या नावावर होईल."

"मग महिन्यानं बसू," म्हणाले, आणि बाजेवर जाऊन बसले.

महिनाच लागला असता. पण मी शिक्षक, स्वतःला शहाणा समजणारा. तेलंगणातून ना-हरकत दाखला आला तो नांदेडच्या आरटीओच्या नावानं, कारण माझ्या आधार कार्डावर नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीचा पत्ता होता. नेमकी त्याच आठवड्यात चाकूरला बदली झाली. घरी आल्याच्या आनंदात मी पहिलं काम कोणतं केलं असेल, तर आधारवरचा पत्ता बदलला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाचं अडलंही नव्हतं.

नांदेडला गेलो तर बाबू म्हणाले, "दाखला आमचाच हाय गुरुजी, पण तुमी आता लातूर जिल्ह्याचे." लातूरला गेलो तर तिथले म्हणाले, "तुमी आमचेच, पण दाखला आमचा न्हाई." दोघंही नीट बोलले, खुर्ची दिली. दोघंही बरोबर होते, याचाच जास्त राग आला. चूक माझी एकट्याची होती आणि ती कुणाच्या गळ्यात घालायची सोय नव्हती.

मार्ग होता, तसा. नांदेडला गाडीची नोंदणी झालेली नाही, असं तिथून लिहून घ्यायचं. ते हैदराबादला न्यायचं. जुना दाखला रद्द करून लातूरच्या नावानं नवा काढायचा. त्यावर पहिल्या मालकाची सही, आणि पहिला मालक मुलीकडं परदेशात गेलेला. हैदराबादचा एक एजंट धरला, तो म्हणाला, सही मी मागवून घेतो. कराचं विचारलं, तर तिथं आयुष्यभराचा भरलेला कर इथं चालत नाही. इथं पुन्हा भरायचा, आणि तिथला परत मिळवायचा तर आधी इथली नोंदणी दाखवायची. सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं आपण हसत हसत म्हणतो. थांबणाऱ्याला हसू येत नाही.

गाडी अंगणात उभी. उभ्या गाडीला चालत्या गाडीपेक्षा जास्त दुखणी होतात. बॅटरी उतरली. उंदरांनी वायरी कुरतडल्या. मी रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचो आणि अप्पा बाजेवरून सांगायचे, "एक सिलेंडर मिस मारायलंय, प्लग बघ." दोष प्लगचाच निघायचा. काचा ते स्वतः पुसायचे. टायरमधली हवा बघायचे. आणि बुधवारी, शनिवारी त्याच गाडीला वळसा घालून आईबरोबर बसस्टँडकडं चालू लागायचे.

एका शनिवारी माझा तोल गेला. म्हटलं, परराज्याची गाडी काही दिवस इथं चालवता येते, विमाही आहे, कोण धरणार आहे तुम्हाला?

"धरायचं सोड," अप्पा म्हणाले. "इमा दुसऱ्याच्या नावावर हाय. वाटंत कुणाला लागलं, तर त्याच्या लेकराबाळानं कुणाकडं बघायचं? नोकरीत कागद बघितल्याबिगर मी डेपोचं फाटक वलांडलं न्हाई. आता मराय टेकल्यावर वलांडू व्हय?"

"मग मरा त्या बसमधीच," मी म्हणालो.

आई माझ्याकडं बघत राहिली. अप्पांनी पिशवी उचलली आणि निघाले. मी त्यांच्या मागं गेलो नाही. माफी मागावी असं दिवसभर वाटत होतं, पण संध्याकाळी ते आल्यावर मी त्यांना फक्त जेवलात का म्हणून विचारलं.

पुढच्याच बुधवारी मी वर्गात असताना लातूरहून आईचा फोन आला. "गाडी घेऊन ये. बसमधी चढवंना त्येंला."

शाळेतून घरी, घरातून लातूर. वाटेत मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होतो. नवा दाखला निघाल्याचा एजंटचा मेसेज आला होता, तो दाखवायचा. हळू चालवीन म्हणायचं. नाहीच ऐकलं तर आईला मध्ये घालायचं. फायलीत सगळे कागद होते, ती मी पुढच्या सीटवर उघडून ठेवली होती.

अप्पा दवाखान्याच्या फाटकाजवळ बाकावर बसले होते. माझ्याकडं बघून त्यांनी हात वर केला. मी फाईल पुढं करून म्हणालो, "अप्पा, नवा दाखला निघालाय, आता फक्त..."

त्यांनी फायलीकडं बघितलं नाही. माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले, मी दार उघडलं, आणि ते मागच्या सीटवर बसले. आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

ते या गाडीत बसावेत म्हणून मी इतके महिने त्या दोन जिल्ह्यांत चपला झिजवल्या होत्या. आता बसले होते. मी मुद्दाम सावकाश चालवत होतो. आरशात बघत होतो. एकदा तरी विचारावं त्यांनी, नावावर झाली का म्हणून. चिडून विचारावं, उतरव मला म्हणावं. चाकूर आलं तरी त्यांनी विचारलं नाही.