मलकापूरच्या टरफलांचा ढीग

मागच्या आठवड्यात भाच्यानं एक निमंत्रणपत्रिका पाठवली. भुसा-टरफलं दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, त्यांची देशभरची बाजारपेठ, तिच्या वाढीच्या संधी, दोन दिवसांचं चर्चासत्र, दुपारच्या जेवणासह. खाली त्यानं लिहिलं होतं, "मामा, तुमचा जुना विषय!" पत्रिकेत ‘वाया जाणारा शेतमाल’ हे शब्द तीनदा होते. पंच्याहत्तर साली हेच शब्द मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते. सातारा-सांगलीला चार दिवसांत काय बघावं, असं तुम्ही अधूनमधून विचारता. मी त्या भागात पहिल्यांदा फिरलो त्या चार दिवसांची हकिगत सांगतो. वाचून जायची इच्छा उरली तर जा.

तेव्हा रॉकेलसाठी रांगा लागत होत्या आणि कोळसा मिळत नव्हता. मी पुण्यात एका छोट्या कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढायचो. साहेबांनी बाहेरून एक दाबयंत्र आणलं होतं. त्यातून भुशाच्या बोटभर जाड कांड्या पडायच्या आणि त्या झकास जळायच्या. साहेब म्हणाले, "उद्या देशभर हेच जळणार. सातारा-सांगली पालथं घाल आणि वाया काय जातं ते लिहून आण." संक्रांत आठवड्यावर आली होती. पिशवीत दोन शर्ट आणि कांड्यांचा पुडा घालून मी स्वारगेटहून पहाटेची यष्टी पकडली.

खंबाटकीच्या घाटात गाडी तापली. ड्रायव्हरनं पाणी घातलं, आम्ही पाय मोकळे केले. साताऱ्याला स्टँडवर कंदी पेढे घेतले, ते आजही घ्या. गावाबाहेर गुऱ्हाळ चालू होतं. काहिलीखाली जाळ घालणाऱ्याला मी विचारलं, रस काढल्यावर उरलेल्या चिपाडाचं काय करता? तो हसायलाच लागला. "आवं, चिपाड तुमाला दिलं तर रस काय माज्या डोक्यावर आटवू?" मला वाटलं, असू दे, पुढं मिळेल. संध्याकाळी कऱ्हाडला पोचलो आणि स्टँडजवळच्या लॉजवर झोपलो. अंथरुणात ढेकूण होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालत मलकापूर गाठलं. तिथं शेंगा फोडायची एक गिरणी होती आणि गिरणीमागं टरफलांचा माणसाहून उंच ढीग होता. बघून मला हर्षच झाला. एक म्हातारा आणि त्याची बायको पोती भरत होते. ते गावचे कुंभार, पांडूतात्या आणि हौसाकाकू. गिरणीवाले मालक म्हणाले, "नेतायत ते बरंच आहे. नाहीतर आगीची भीती." तात्या टरफलांचा दाम देत नव्हते. संक्रांतीला मालकांच्या घरची सुगडं आणि उन्हाळ्यात पाण्याचे माठ तात्यांकडून जायचे. हे मालकांच्या वडिलांपासून चाललं होतं.

मी पुडा सोडून कांडी मालकांच्या हातात दिली. आणि तोंड आवरलं नाही. सव्वीस वर्षांचा होतो, कारखान्यातलं कुणी माझं कधी ऐकत नसे. म्हणालो, "ह्या ढिगाला सोन्याचा भाव येणार आहे."

"म्हणजे हे मुंबईला जाणार?"

"मुंबई काय घेऊन बसलात, देशभर!"

मालक बराच वेळ कांडी बोटांत फिरवत राहिले. मी वहीत लिहिलं: टरफल, मलकापूर, भरपूर, उपलब्ध.

तात्यांनी मला जेवायलाच नेलं. अंगणात कच्ची सुगडं वाळत घातली होती, पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी आवा लावायचा होता, म्हणजे टरफलांच्या जाळावर सगळी भांडी एकदम भाजायची होती. संक्रांतीचा आवा चुकला की आमचं वरीस चुकलं, असं काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या. तात्यांनी माझी कांडी चुलीत घालून बघितली.

"लय झाक जळतीया. पर ही दाबायला वीज लागती न्हवं?"

"लागते की."

"मग वीज कशावं करत्यात?"

"कोळशावर."

तात्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. वांग्याचं भरीत फार सुंदर होतं.

त्याच दुपारच्या गाडीनं सांगली. विश्रामबागेत एका मित्राची खोली होती, तिथं उतरलो. भडंग खाल्लं, कृष्णेच्या घाटावर बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी एका साखर कारखान्यात गेलो. तिथले इंजिनियर म्हणाले, "उसाचा भुसा आमच्या बॉयलरलाच पुरत नाही." तिथून जतच्या गाडीत बसलो. त्या रस्त्याला तेव्हा खड्डेच जास्त होते, आणि दुष्काळ सरला तरी माळ उघडाच दिसत होता. ज्वारी काढलेल्या एका रानात एक बाई धसकटं उपटून पाटीत भरत होती. पलीकडं तिचा नवरा मेंढरं राखत होता. मी आपला ठरलेला प्रश्न विचारला, इथं वाया काय जातं?

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वाया? कुटं पडलंय, दावा की मला. मी उचलून न्हेती."

मी चहूकडं बघितलं. तिला दाखवण्याजोगी काडीसुद्धा नव्हती. शेण थापलेलं, लेंड्या शेतात गेलेल्या, धसकटं पाटीत. परतीच्या गाडीत वही उघडली, तर तीन दिवसांत ‘उपलब्ध’ हा शब्द एकदाच पडला होता.

चौथ्या दिवशी पुण्याची वाट धरली आणि मुद्दाम मलकापूरला उतरलो. भाजलेली सुगडं घरी न्यायची होती. गिरणीच्या मागच्या फाटकाला कुलूप होतं आणि ढिगावर ताडपत्री.

हौसाकाकू अंगणातच होत्या. "तुमची पाठ फिरली आन त्यांनी कुलूप घातलं. म्हनत्यात, पुन्याचा कारखाना घेनार हाय, आता फुकट न्हाई. आमी तरी काय करावं? उसाचं वलं पाचट घालून आवा लावला."

मी तसाच गिरणीत गेलो. म्हणालो, "अहो, आमचा कांड्यांचा कारखाना अजून ठरलासुद्धा नाही."

"ठरेल की. तुम्हीच म्हणालात, सोन्याचा भाव येणार," मालक म्हणाले. ते काही दुष्ट नव्हते. मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं, एवढंच. कारखाना होणार नाही, असं मी तेव्हा छातीठोक सांगायला हवं होतं. मला नोकरी आठवली. मी नमस्कार करून बाहेर पडलो.

तात्या आव्यातून सुगडं काढत होते. प्रत्येकावर बोटाचं पेर वाजवायचे. आवाज खणखणीत आला तर उजवीकडं, बद्द आला तर डावीकडं. डावीकडं रास वाढत होती आणि उजवीकडं जेमतेम ओळ. मला लाज वाटत होती. ती झाकायला म्हणालो, "तात्या, मला पाच द्या. ह्या डावीकडच्यांतली चालतील."

"न्हाई वो. कच्ची हायती. वल लागली की गळून जातील."

"असू द्या. पैसे घ्या."

"कच्च्या मालाचं पैसं घेऊ व्हय?" त्यांनी पाच सुगडं गवतात गुंडाळून दिली. "शोभंला ठिवा. पूजंला नगा वापरू." रागाचा एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुण्यात वही साहेबांना दिली. त्यांनी ‘उपलब्ध’खाली तांबडी रेघ मारली. पावसाळ्यानंतर दाबयंत्र भंगारात गेलं, कारण आमच्याकडं दिवसाआड वीज जायची. त्या ढिगाचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही आणि मलकापूरला पुन्हा उतरलोही नाही.

सुगडं मात्र मी घरी काही न सांगता टेबलावर ठेवली होती. आमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, बायकोची ती पहिलीच संक्रांत. तिनं हौसेनं त्यांना हळदकुंकू लावलं, आत ओले हरभरे, बोरं, उसाचे करवे भरले. सकाळी उचलायला गेली, तर पहिल्याचं बूड पाटावरच राहिलं. दुसऱ्याचंही. ती रडवेली झाली.

"कुठून आणलीत हो ही?"

"कऱ्हाडजवळून."

"कुंभारानं फसवलं तुम्हाला."

मी म्हणालो, "हो."